वाक्यदुरुस्ती गेली म्हणून टाळ्या कशाला?

एमबीए प्रवेशाच्या जीमॅट या परीक्षेतून इंग्रजी वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेले, त्याला आता बराच काळ लोटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि ३१ जानेवारी २०२४ ला जुनी कायमची बंद झाली. तिच्याबरोबर निबंधही गेला आणि भूमितीही जवळपास गेली. निबंधाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, भूमितीचं सुतक कुणी पाळलं नाही. वाक्यदुरुस्ती गेल्याचा आनंद मात्र अजून ओसरत नाही. क्लासच्या फ्लेक्सवर, परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत, सुट्टीवर आलेल्या अमेरिकेतल्या भाच्याच्या तोंडी, सगळीकडे एकच सूर: व्याकरणाची कटकट संपली, मराठी माध्यमाच्या मुलांच्या वाटेतला धोंडा दूर झाला.

मला हे म्हणणं मुळातच मान्य नाही. इंग्रजीच्या विभागात ज्या एका प्रश्नप्रकारात ही मुलं इंग्रजी माध्यमाच्या मुलांना बरोबरीनं भिडत होती, तोच काढून घेतला गेला आणि त्याबद्दल आपण पेढे वाटतो आहोत.

हे प्रश्न मी पुण्यात वर्षानुवर्षं शिकवले. तेव्हा यात माझा हितसंबंध आहे, असं कुणी म्हणेल. होता. आता त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली मी उताऱ्यांचं आकलन शिकवतो आणि फी तेवढीच घेतो. माझं काही बिघडलेलं नाही.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक लांबलचक इंग्रजी वाक्य दिलेलं असे, त्याचा काही भाग अधोरेखित. खाली पाच पर्याय. पहिल्या पर्यायात मूळ मजकूर जसाच्या तसा, उरलेल्या चारांत त्याची वेगवेगळी मांडणी. त्यातला सर्वांत चांगला निवडायचा. परीक्षेचा कारभार पाहणाऱ्या जीमॅकच्या अधिकृत मार्गदर्शकात या प्रश्नांच्या कसोट्या दिलेल्या असत: रचना बरोबर आहे का, म्हणणं नेमकेपणानं पोचतं का, शब्दयोजना योग्य आहे का. विषय काहीही असे. डायनोसॉरची हाडं, व्याजदर, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तीचं आयुष्य. विषयाची माहिती असण्याची गरज नसे. वाक्यात कोण काय करतंय आणि कुठला तुकडा कशाला चिकटलाय, एवढं कळलं की झालं.

टाळ्या वाजवणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की ज्याचं बालपण इंग्रजीत गेलं त्याला हे प्रश्न कानानं सुटतात आणि ज्याचं गेलं नाही त्याला नियम घोकावे लागतात, म्हणून ही परीक्षा पक्षपाती. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात कान कसा दगा देतो ते एका वाक्यावरून पाहू. वाक्य मी वर्गासाठी बनवलेलं आहे, साचा मात्र परीक्षेचाच.

‘फाउंडेड इन १८८५, फर्ग्युसन कॉलेजेस फर्स्ट प्रिन्सिपल वॉज व्ही. एस. आपटे, हू ऑल्सो कम्पाइल्ड अ संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी.’ स्वल्पविरामानंतरचा सगळा भाग अधोरेखित.

वामन शिवराम आपटे फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य होते, आणि त्यांचा कोश आजही संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. म्हणजे माहितीत खोट नाही. वाचतानाही कुठे अडखळायला होत नाही. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधून आलेल्या एका मुलानं क्षणाचाही विचार न करता पर्याय ए निवडला. ‘साउंड्स राइट, सर.’ त्याच बाकावर लातूरकडचा एक मुलगा होता. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग इथे इंजिनिअरिंग. त्याचं पेन ‘फाउंडेड’वर टेकून थांबलं होतं. जरा वेळानं त्यानं विचारलं, ‘सर, पण फाउंडेड कोण झालं?’

एवढ्या प्रश्नात वाक्य उघडं पडतं. सुरुवातीचा तुकडा लोंबकळतो आहे. इंग्रजीत असा तुकडा स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला जाऊन चिकटतो आणि इथला कर्ता ‘फर्स्ट प्रिन्सिपल’ आहे, कॉलेज नाही. म्हणजे १८८५ मध्ये स्थापना झाली ती प्राचार्यांची.

हे त्या मुलाच्या लक्षात आलं, कारण असला लोंबता तुकडा मराठीत आपण एक दिवस खपवून घेत नाही. ‘घरी येऊन पाऊस सुरू झाला’ असं वाक्य कुणी बोललं तर चौथीतलं पोरही हसेल. पाऊस घरी आला? तिथे ‘घरी आल्यावर’च हवं. येऊन, जाऊन, बसून म्हटलं की त्याचा कर्ता आणि पुढच्या क्रियापदाचा कर्ता एकच असावा, ही जाण आपल्याला कुणी शिकवलेली नसते, ती असतेच. त्या मुलानं इंग्रजीचा नियम पाठ केलेला नव्हता. घरातून आणलेली जाण त्यानं परक्या वाक्याला लावून पाहिली, इतकंच.

आता पुढचे पर्याय. बी मध्ये कर्ता बदलला: ‘फर्ग्युसन कॉलेज, हूज फर्स्ट प्रिन्सिपल वॉज व्ही. एस. आपटे, ऑल्सो कम्पाइल्ड अ संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी.’ स्थापना कॉलेजची झाली, छान. पण मधला तुकडा उचलून बाजूला ठेवा आणि वाचा: कॉलेजनं कोश रचला. आपट्यांच्या आयुष्यभराच्या मेहनतीचं श्रेय इमारतीला. सी ची सुरुवात ‘व्ही. एस. आपटे वॉज द फर्स्ट प्रिन्सिपल’ अशी आहे. वाक्य सुटसुटीत, पण आता खुद्द आपट्यांचीच स्थापना झाली. डी मध्ये ‘द फर्स्ट प्रिन्सिपल ऑफ फर्ग्युसन कॉलेज बीइंग व्ही. एस. आपटे’ असं आहे. तिथे मुख्य क्रियापदच नाही, वाक्य सुरू होतं आणि अर्ध्यात बसकण मारतं. उरला ई: ‘फर्ग्युसन कॉलेज हॅड ॲज इट्स फर्स्ट प्रिन्सिपल व्ही. एस. आपटे, हू ऑल्सो कम्पाइल्ड अ संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी.’ स्थापना कॉलेजची, प्राचार्यपद आपट्यांचं, कोशही आपट्यांचा. सगळं ज्याचं त्याच्यापाशी.

ई मोठ्यानं म्हणून पाहा. जिभेला बोजड लागतो. गप्पांत असं कुणी बोलत नाही. कॉन्व्हेंटवाल्यानं तो पहिल्या झटक्यात काट मारून बाद केला होता, आणि त्याचा कान त्याच्या परीनं बरोबरच होता. रोजच्या इंग्रजीवर पोसलेला कान जे ऐकलंय त्याला होकार देतो. वाक्य काय सांगतंय, हा त्याच्या खात्यातला विषय नाही. हे प्रश्न रचणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. चुकीचे पर्याय कानाला गोड आणि बरोबरचा पर्याय किंचित अवघडलेला, हा त्यांचा नेहमीचा डाव. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी मुलांनाही त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन प्रेपनं केवळ वाक्यदुरुस्तीवर स्वतंत्र पुस्तक काढलं होतं, ते काही लातूरच्या मुलांसाठी नव्हे.

तुलनांचंही असंच. ‘द रेनफॉल इन महाबळेश्वर इज मच हायर दॅन सातारा’ हे वाक्य अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, पुण्याच्या कॅम्पात, कुठेही बोललेलं चालतं. परीक्षेत चालत नसे, कारण तिथे पावसाची तुलना पावसाशी व्हायला हवी, गावाशी नाही. ‘दॅन दॅट इन सातारा’ असं हवं. इथे मात्र मराठी मुलाला घरची जाण उपयोगी पडत नाही. ‘महाबळेश्वरचा पाऊस साताऱ्यापेक्षा जास्त’ असं आपण सर्रास म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. मराठीवाला आणि कॉन्व्हेंटवाला दोघंही चुकतात, दोघांनाही थांबून विचारावं लागतं, कशाची तुलना कशाशी? समान संधी म्हणजे आणखी काय असतं?

आता हिशेब. जुन्या परीक्षेत, म्हणजे २०१८ नंतरच्या रूपात, इंग्रजीच्या विभागात ३६ प्रश्न आणि ६५ मिनिटं असत. त्यातले साधारण एक तृतीयांश, तेराएक प्रश्न वाक्यदुरुस्तीचे. सराव झालेला विद्यार्थी असा प्रश्न सव्वा मिनिटात सोडवी. तेरा प्रश्नांना सोळा-सतरा मिनिटं. मग उताऱ्यांवरचे आणि युक्तिवादाचे जे तेवीस प्रश्न उरत, त्यांच्यासाठी ४८ मिनिटं हाती राहत. नव्या परीक्षेत या विभागात प्रश्न बरोबर तेवीस आहेत, सगळे उताऱ्यांचे आणि युक्तिवादाचे. वेळ ४५ मिनिटं.

म्हणजे जो इंग्रजी सावकाश वाचतो त्याची तीन-चार मिनिटं गेली. त्याहून वाईट म्हणजे जिथे चिकाटीनं मेहनत करून गुण पदरात पाडून घेता येत असे, तो तिसरा हिस्सा गेला. उतारे वाचण्याचा वेग दोन-तीन महिन्यांत वाढत नाही. तो लहानपणी घरात इंग्रजी पुस्तकं होती की नव्हती यावर ठरतो, दहा वर्षांच्या वाचनावर ठरतो. वाक्यदुरुस्ती दोन-तीन महिन्यांत शिकता येत असे. शंभर-दोनशे वाक्यं नीट उलगडली की मुलाला कळे की चुकांचे साचे मोजकेच आहेत: कर्ता-क्रियापद, लोंबते तुकडे, समांतर रचना, तुलना, सर्वनाम कुणाचं, काळ कुठला. त्या लातूरच्या मुलासारख्या कितीतरी मुलांचे इंग्रजीचे गुण याच प्रश्नांनी सावरलेले मी पाहिले आहेत. नव्या रचनेनं सोय झाली असेल तर ती पाचवीपासून इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांची. ती व्हायला माझी हरकत नाही. पण ती मराठी माध्यमाच्या नावावर खपवू नका.

दुसरा मुद्दा मांडणारे लोक व्यवहारी असतात. एमबीए करून माणूस कंपनी चालवणार, त्याला लोंबत्या तुकड्यांचं काय करायचंय? हिशेब कळावा, माणसं सांभाळता यावीत, बस्स.

अशांनी अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला पाहावा. दुधाच्या ट्रकचालकांना ओव्हरटाइमचा वाढीव दर मिळणार की नाही, हा वाद. राज्याच्या कायद्यात नाशवंत मालाशी संबंधित काही कामं ओव्हरटाइममधून वगळलेली होती. त्यांची यादी ‘कॅनिंग, प्रोसेसिंग’ पासून सुरू होऊन ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती. शेवटच्या ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे वगळलेलं स्वतंत्र काम, की माल बांधायचा तो पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी? पहिला अर्थ घेतला तर ट्रकचालक वितरण करतात म्हणून त्यांचे पैसे गेले. दुसरा घेतला तर ते माल बांधत नाहीत, तेव्हा पैसे मिळायला हवेत. चालकांच्या वकिलांनी दाखवून दिलं, की यादीतली बाकी सगळी कामं ‘इंग’नं संपतात. ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ मात्र तशी नाहीत, म्हणजे ती दोघं एका जोडीतली आणि दोन्ही ‘पॅकिंग’ला बांधलेली. वाक्यदुरुस्तीच्या भाषेत सांगायचं तर समांतर रचनेचा नियम. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं कायद्याचा मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनं कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीनं पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. व्याकरणाशी व्यवस्थापनाचा बादरायण संबंध आहे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लिहून ठेवावा.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. समजा एखाद्या योजनेच्या शासन निर्णयात ‘ग्रामीण भागातील महिला व विद्यार्थी यांना सवलत’ असं लिहिलंय. आता पुणे शहरातला विद्यार्थी खिडकीपाशी उभा राहिला तर त्याला सवलत द्यायची की नाही? ‘ग्रामीण भागातील’ हे फक्त महिलांना लागू की दोघांना? खिडकीपलीकडचा कारकून म्हणणार, वरून खुलासा येऊ द्या. खुलासा येईपर्यंत पोरगं हेलपाटे घालणार. मसुदा लिहिणाऱ्या साहेबाला कुणीतरी वेळीच विचारायला हवं होतं, की साहेब, हा तुकडा कुणाचा? असं विचारायची सवय लावणारा दुसरा प्रश्नप्रकार मला तरी कुठल्या परीक्षेत दिसत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि मोठ्या रुबाबात केला जातो. दुरुस्त्या आता यंत्र करतं, माणसानं कशाला शिकायच्या? चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटते, एक बटण दाबलं की परिच्छेद घासूनपुसून मिळतो. मान्य. पण मघाचा बी पर्याय घ्या. कॉलेजनं कोश रचला. या वाक्यात स्पेलिंगची चूक नाही, क्रियापद बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी. त्याच्याखाली लाल रेघ कशासाठी उमटावी? ते वाक्य फक्त खोटं आहे, आणि ते कळायला लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे माहीत असावं लागतं. यंत्र जितकं सफाईदार लिहू लागेल तितका असल्या गुळगुळीत खोट्याचा साठा वाढणार. ते पकडणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे आणि नेमकी आत्ताच त्याची तालीम बंद केली जाते आहे. कुणी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला देतं. टोफेलनं २००५ मध्ये इंटरनेटवरची नवी परीक्षा आणताना व्याकरणाचा वेगळा विभाग काढून टाकला हे खरं, पण बोलायला लावलं आणि लिहिणंही ठेवलं. जीमॅटनं दुरुस्तीही काढली आणि निबंधही काढला. आता त्या परीक्षेत उमेदवाराला एकही वाक्य घडवावं लागत नाही, की बिघडलेलं दुरुस्त करावं लागत नाही. हा फरक टोफेलचा दाखला देणाऱ्यांना दिसत नाही. आणि हे प्रश्न मुळातच अन्यायकारक असते, तर अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या एसएटीनंही ते सोडून द्यायला हवे होते. तिच्या नव्या डिजिटल रूपात वाचन-लेखन विभागाचा सुमारे चौथा हिस्सा आजही वाक्यरचनेचे आणि विरामचिन्हांचे नियम तपासतो.

विरोधकांच्या भात्यात एक बाण मात्र खरा आहे, आणि तो त्यांच्यातले जाणकारच वापरतात. २००२ सालच्या पीएसएटी, म्हणजे एसएटीच्या पूर्वतयारीच्या परीक्षेत टोनी मॉरिसन यांच्यावर एक वाक्य होतं. त्यांची प्रतिभा त्यांना अन्यायातून जन्मलेल्या कादंबऱ्या लिहायला समर्थ करते, अशा अर्थाचं. त्यात चूक कुठे आहे ते शोधायचं होतं आणि अधिकृत उत्तर होतं, चूक नाही. मेरिलँडमधल्या एका शिक्षकानं हरकत घेतली, की ‘हर’ हे सर्वनाम ‘मॉरिसन्स’ या षष्ठ्यंत रूपाकडे बोट दाखवतं आणि व्याकरणाच्या पुस्तकांप्रमाणे सर्वनामाला नाम लागतं, षष्ठी चालत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं आधी हात झटकले, मग २००३ मध्ये प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले. पुढची गंमत अशी, की हा नियमच थोतांड आहे असं भाषाशास्त्रज्ञांनी सांगितलं. चांगले चांगले लेखक तो रोज मोडतात आणि कुणाचाही गैरसमज होत नाही. (माझ्या फर्ग्युसनच्या वाक्यातही षष्ठी आहे, पण तिथला घोळ सर्वनामाचा नव्हता. तिथे अर्थच भलत्याला चिकटला होता.)

तेव्हा हे मान्य करायला हवं, की अशा परीक्षांत काही नियम अर्थासाठी नसून सोवळ्यासाठी पाळले जात. जीमॅटमध्येही होते. ठरावीक शब्दापुढे ठरावीकच अव्यय, यात तर्क काहीच नव्हता, निव्वळ अमेरिकी वहिवाट होती. परक्या मुलावर अन्याय होत असेल तर तो इथे होत होता, आणि एवढा भाग कापून काढला असता तर मीही टाळ्यांत सामील झालो असतो. पण कापलं ते सगळंच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

क्लासवाल्यांनी, म्हणजे आम्ही, या प्रश्नांचं जे केलं तेही झाकून ठेवत नाही. ‘बीइंग दिसलं की काट’, ‘सर्वांत आखूड पर्याय बरोबर’, ‘पॅसिव्ह म्हणजे चूक’ अशी सूत्रं छापलेल्या चिठ्ठ्या पुण्यात वाटल्या गेल्या. मुलं रिक्षात बसून ती म्हणायची. परीक्षा घेणारे आमच्यापेक्षा चार पावलं पुढे होते. अधूनमधून ते बरोबर उत्तरातच ‘बीइंग’ बसवत आणि सूत्रवाल्यांची दांडी उडवत. म्हणजे ज्या पोपटपंचीचं निमित्त करून हे प्रश्न हद्दपार झाल्याचं आपल्याकडे सांगितलं जातं, ती पोपटपंची या प्रश्नांतच हरत होती.

ती जिंकते कुठे, ते सांगतो. एका खोलीत चौघं राहून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दिवस काढणाऱ्या मुलांना विचारा. कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, सीजीएल परीक्षेचा पहिला टप्पा म्हणजे १०० प्रश्न, ६० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात २५ प्रश्न इंग्रजीचे, चुकलं की अर्धा गुण कापला जाणार. वाक्यातली चूक ओळखा, अधोरेखित भाग सुधारा, आणि शेवटी ‘नो इम्प्रूव्हमेंट’ हा पर्याय. आयबीपीएसच्या बँक पीओ पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत. ३६ किंवा ४० सेकंदांत वाक्याचा अर्थ लावत बसायला कुणाला फुरसत आहे? तिथे एकच चालतं: ‘सीनिअर’ दिसला की ‘टु’, ‘नो सूनर’ दिसला की ‘दॅन’, ‘वन ऑफ’ दिसला की पुढे अनेकवचन, ‘सीनरी’ला एस नाही. यातलं बरंचसं थेट रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातून उचललेलं. हे रेनसाहेब एकेकाळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी फ्रेंचांच्या परदेशी फौजेवर ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी लिहिली, ती १९२४ साली. कादंबरी आता फारशी कुणी वाचत नाही. व्याकरण मात्र अप्पा बळवंत चौकात आजही ढिगानं खपतं.

ही पोपटपंची आपली, घरची. तिच्याविरुद्ध फ्लेक्स लागत नाहीत. जीमॅटला बसणारी मुलं मूठभर, आणि त्यांच्या घरी निदान परीक्षेच्या फीपुरते डॉलर असतात. एसएससीला, बँकांना बसणारी लाखो, त्यात मराठी माध्यमाची खेड्यापाड्यातली कितीतरी. इंग्रजीच्या अन्यायाचा खरोखर कळवळा असेल तर तो इथे दाखवायला हवा होता. ज्या परीक्षेत सरासरी पावणेदोन मिनिटं देऊन विचार करायला लावत होते तिच्या मरणावर आनंद, आणि जिथे ३६ सेकंदांत घोकलेलं ओकायला लावतात तिच्या मार्गदर्शन शिबिराला दीपप्रज्वलन.

आणखी एक फरक आहे, तो मला सर्वांत जास्त खुपतो. जीमॅटच्या अधिकृत पुस्तकात प्रत्येक वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नानंतर पाचही पर्यायांचा खुलासा छापलेला असे. ए का चूक, बी का चूक, सी मध्ये अर्थ कुठे बदलला, ई का बरोबर. पटलं नाही तर वाद घालता येत असे, कारण समोरच्यानं आपली कारणं लेखी दिलेली असत. वर्गात निम्मा वेळ आम्ही त्या खुलाशांशीच भांडत असू, आणि खरं शिक्षण त्या भांडणातच होई. आपल्याकडच्या आयोगांच्या उत्तरतालिकेत पर्यायाचा क्रमांक असतो. एक, दोन, तीन किंवा चार. हरकत घ्यायची तर पुरावा उमेदवारानं जोडायचा. आयोगानं तो क्रमांक कशाच्या आधारावर ठरवला, हे कुणी विचारत नाही.

ते विचारा. एसएससीनं, आयबीपीएसनं, आणि संयुक्त परीक्षांत मराठी-इंग्रजी व्याकरणाचे वस्तुनिष्ठ प्रश्न घालणाऱ्या आपल्या एमपीएससीनंही, भाषेच्या प्रत्येक प्रश्नामागे सगळ्या पर्यायांचा दोन-दोन ओळींचा खुलासा छापावा. परीक्षा झाल्यावर, संकेतस्थळावर. त्याला नवा कायदा लागत नाही. ज्या प्रश्नाचा खुलासा लिहिताना प्रश्न काढणाऱ्याचाच हात अडखळेल, तो प्रश्न आपोआप गळेल, आणि माझा अंदाज आहे की पहिल्याच वर्षी निम्मे गळतील. मग उरलेल्या प्रश्नांना ३६ सेकंद पुरतात का, तेही प्रश्न काढणाऱ्यांनाच बसवून पाहू.